कोणापासून?

बसा. कृष्णेच्या घाटावर बसलात तर उत्तम, नाहीतर घरात खिडकीपाशीही चालेल. फोन जवळ राहू द्या. वस्तू विकणाऱ्या त्या माणसाचा फोन आला तर काय बोलायचं, ते आपण शेवटी पाहू. घाई नाही.

जी वस्तू आपल्याला हवी असेल असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, ती आज तुम्हाला हवीशी झाली आहे. परवापर्यंत पिस्तूल तुमच्यासाठी पेपरातल्या बातमीत होतं. विनापरवाना पिस्तूल बाळगणारा तरुण जेरबंद, दोन जिवंत काडतुसं जप्त. तुम्ही मथळा वाचायचात आणि पान उलटायचात. मग ओळखीच्याच कोणीतरी चहाच्या गाड्यावर आवाज खाली आणला. "एक वस्तू आलीय. घेऊ नका, बघून तर घ्या." तुम्ही बघितलीत. हातातही घेतलीत.

तो क्षण आता सावकाश आठवा. आधी शरीराचं आठवा, विचारांचं नंतर. दिसायला होती त्यापेक्षा ती हाताला जड लागली. बोटं आपोआप तिच्याभोवती बसली. खांदे थोडे मागे गेले. आणि बरेच दिवस पोटात धरलेली कसलीशी गाठ एकदम सैल झाली. हे झालं असेल तर त्याची लाज वाटून घेऊ नका. त्या गाठीकडेच नीट पाहायचं आहे. वस्तू हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती.

एक श्वास घ्या. सोडा.

ही गाठ कशाची आहे? तासगावच्या बागायतदाराला विचारलं तर तो द्राक्षं उचलून पैसे न देता पसार झालेल्या दलालाचं नाव घेईल. विटा, आटपाडी, खानापूर भागातला सोनं गाळणारा गलाई कारागीर परमुलखात सोनं जवळ बाळगून गल्लीबोळांतून हिंडतो, रात्री दुकानावरच झोपतो. त्याची भीती वेगळी. कोणाच्या बांधावर भाऊबंदकी उठलेली असते. कोणाच्या दारात व्याजाचे पैसे मागायला चार पोरं गाडीवरून येऊन गेलेली असतात, आणि आतून आई विचारते, कोण आलं होतं? यातली कुठलीही भीती खोटी नाही. तुमची जी असेल ती समोर घ्या. तिला नाव द्या. माणूस असेल तर माणसाचंच नाव घ्या, मनातल्या मनात, स्पष्ट.

आता तिची उंची पाहा. पाणी कसं मोजायचं, हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाला किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं होतं, तेव्हा लोक दर तासाला आकडा विचारत होते. मनातल्या पाण्याचा आकडाही तसाच विचारा. आत्ता किती? आज सकाळी, अंघोळ करताना किती होता? काल रात्री, झोप येईना तेव्हा? आणि ती वस्तू हातात होती तेव्हा? तो अचानक उतरला होता ना? घरी पोचेपर्यंत पुन्हा चढला, की तसाच राहिला? उत्तर द्यायची गरज नाही. फक्त एवढं बघा, की आकडा हलतो आहे. पाणी चढत असताना कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही.

आता दुसऱ्या वाटेने, संथपणे चालून पाहू. समजा, तुम्हाला हे शस्त्र सरळ मार्गाने घ्यायचं आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे नियम तुमच्यासमोर एक लांब रस्ता टाकतात. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. सांगलीत अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तिथून पोलिसांकडे चौकशीला. डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, घरात ते सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. परवाना मिळालाच तर तो पाच वर्षांचा. निवडणूक लागली की आचारसंहितेत ते शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागू शकतं. कानपूरच्या कारखान्यातलं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर २०१४ साली बाजारात आलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. वजन अर्धा किलो.

या रस्त्याचा लोकांना वैताग येतो. मला मात्र त्यात माणसाची काळजी दिसते. या रस्त्यावर कोणीतरी तुम्हाला समोर बसवून विचारतं, कशासाठी हवं? धोका आहे, तर कोणापासून? गाड्यावरचा माणूस हे कधीच विचारत नाही. सातपुड्यातल्या उमर्टीसारख्या गावात घडवलेली पिस्तुलं हातोहात इकडच्या जिल्ह्यांत उतरतात, आणि त्या सगळ्या हातांपैकी एकालाही तुमच्या भीतीचं नाव माहीत नसतं. परवाना नसताना ती वस्तू नुसती जवळ सापडली तरी कायद्यात किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, जास्तीत जास्त पाच. हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण शिक्षेच्या भीतीने थांबावं, असं मी म्हणत नाही. दोन्ही वाटांमध्ये वेळेचा फरक आहे, तो मनात धरा. एका वाटेवर महिने जातात, दुसरीवर एक संध्याकाळ पुरते. अमेरिकेत काही राज्यांनी पिस्तूल विकत घेणं आणि ते हातात पडणं यांत सक्तीने थोडे दिवस घातले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा राज्यांत बंदुकीने होणाऱ्या हत्या सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. माणसं तीच होती, भांडणंही तीच. मध्ये फक्त काही दिवस आले.

आता घरी चला. मनाने. दार उघडा, चपला काढा. ती वस्तू तुमच्याजवळ आहे. कुठे ठेवणार? कपाटात दागिन्यांच्या डब्यामागे? ते कपाट कोण कोण उघडतं? उशीखाली? त्या खोलीत कोण झोपतं? धाकटा आठवीत आहे, त्याला घरातली प्रत्येक लपवलेली गोष्ट सापडते. लग्नाला आलेले पाहुणे, दोन पेग घेतलेला मेहुणा, गणपतीच्या मिरवणुकीत "काढ की बाहेर" म्हणणारा मित्र. बायकोला सांगणार की नाही? सांगणार नसाल तर आजपासून घरात अशी एक गोष्ट असेल, जिच्याभोवती तुम्ही रोज थोडं खोटं बोलाल. इथे जरा जास्त वेळ थांबा. बाहेरून येणाऱ्या त्या माणसाची कल्पना तुम्ही पुष्कळदा केली आहे. तो येईल, तुम्ही उभे राहाल, तो मागे सरेल. पण तो येणार असेल तर एखाद्या रात्री येईल. उरलेल्या सगळ्या रात्री ती वस्तू तुमच्याच माणसांत असेल.

आणि तुमच्याजवळ. हे सांगताना मला जपून बोलायचं आहे. घरात बंदूक असलेल्या माणसाला स्वतःच्या हातून जीव जाण्याचा धोका, ती नसलेल्यापेक्षा तिपटीच्या आसपास असतो, असं २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी मांडलं. कर्ज, अपमान, बागेचं नुकसान; आपल्या भागातल्या माणसाला काळी रात्र ठाऊक नाही असं नाही. ती रात्र बहुतेकदा सरते. सरेपर्यंत हाताशी काय आहे, याला फार महत्त्व असतं. वाचताना तुमच्या मनात अशी रात्र आली असेल, तर हे मनन इथेच थांबवा आणि १४४१६वर बोला. टेलिमानसची ही सरकारी सेवा मराठीतही आहे. किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा.

पुन्हा श्वास घ्या.

तुम्ही म्हणाल, या मातीत बंदूक काय नवी आहे? खरं आहे. स्वातंत्र्यलढ्यात, २४ जुलै १९४३ला याच सांगलीत, गणेशदुर्गातल्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी गेले, दादांच्या खांद्यात गोळी लागली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, जी. डी. बापू लाडांच्या कुंडलमध्ये, नागनाथअण्णांच्या वाळव्यात शस्त्रं होती. पण ती आपापल्या कंबरेसाठी नव्हती, लढ्यासाठी होती.  त्याच प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं उभी केली आणि बांधावरची भांडणं, देण्याघेण्याचे तंटे चावडीवर बोलून मिटवले. नागनाथअण्णांचे सोबती किसन अहिर पोलिसांशी लढताना पडले. पुढे नागनाथअण्णांनी वाळव्यात त्यांच्या नावाने उभा केला तो साखर कारखाना. वसंतदादांनीही सांगलीत कारखानाच उभारला. या माणसांना बंदुकीचं वजन चांगलं ठाऊक होतं. तरी हात मोकळे होताच ती माणसं दुसऱ्या कामाला लागली, आणि मला त्यांच्या शौर्याचा हा भाग सगळ्यांत मोठा वाटतो.

मघाशी मनात घेतलेलं नाव आता परत समोर आणा. त्या माणसाशी तुमचा जो तंटा आहे, तो मोठ्याने एका वाक्यात सांगून पाहा. तो पैशाचा आहे का? जमिनीचा? की कोणी चारचौघांत केलेल्या अपमानाचा? धमकी खरी असेल, तारीखवार सांगता येत असेल, तर ती कागदावर लिहा आणि पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या, अडचणीच्या वेळी ११२ लावा. त्यानंतरही शस्त्र हवंच वाटलं तर परवान्याचा अर्ज करा आणि त्यातल्या प्रश्नांची खरी उत्तरं लिहा. आणि एका वाक्यात सांगताना ते वाक्य मध्येच अडखळलं, तर जिथे अडखळलं तिथे थोडा वेळ बसून राहा.

गाड्यावरच्या त्या माणसाचा फोन आला तर उचला. "नको" म्हणा. का नको, ते सांगू नका. कारण सांगितलं की तो त्या कारणाशी बोलत बसेल. तो किंमत उतरवेल. मग म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असेलही. तरी नको. उद्या सकाळी, ज्याचं नाव घेतलंत त्याच्याशी बोलायला गावातल्या कोणाला मध्ये घालता येईल, ते ठरवा. दोघांनाही ज्याच्यासमोर आवाज चढवता येणार नाही, असा एखादा काका, मास्तर किंवा सोसायटीचा जुना चेअरमन प्रत्येक गावात असतो. आधी त्याच्याकडे जा.