खाडीचे दोन काठ

पावसाळ्यात ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकाजवळून धुराची गाडी गेली की मी खिडक्या लावून घेतो आणि मनात समाधान मानतो, डासांचं कुणीतरी बघतंय. आमच्या गल्लीत या महिन्यात किती जण तापाने पडले, धुरानंतर त्यात फरक पडला का, हे विचारायचं मला कधी सुचलेलं नाही.

मला नाही सुचलं तर ठीक, विद्यापीठाला सुचायला हवं. आपण मात्र त्याच्याकडे मागतो काय, तर डॉक्टर. आणखी जागा, आणखी महाविद्यालयं.

अभय आणि राणी बंग नागपुरात डॉक्टर झाले. पण गावाच्या आरोग्याचं संशोधन कसं करायचं, ते शिकायला त्यांना अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ गाठावं लागलं. परतल्यावर १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं. पुढे ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. तुलनेसाठी दुसरी ४७ गावं घेतली. तिसऱ्या वर्षी त्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. मला वाटतं, इंजेक्शनाइतकीच किमया त्या ४७ गावांची. ती नसती तर हे सगळं चांगल्या माणसांचं पुण्यकर्म म्हणून हार घालून सोडून दिलं असतं.

अशा तुलनेला डॉक्टरांच्या जोडीला संख्याशास्त्रही लागतं. पण १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाला एक छत्र मिळालं, आणि वाटणीही झाली: डॉक्टर एका घरात; संख्याशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र दुसऱ्या. ठाण्यात ही वाटणी डोळ्यांनी दिसते. खाडीपलीकडचं कळव्याचं वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या विद्यापीठाचं, अलीकडचं बाळकुमचं उपकेंद्र मुंबई विद्यापीठाचं.

हल्ली एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. आजोबांचा रक्तदाब, सुनेचं हिमोग्लोबिन, नळाला पाणी किती वाजता येतं, सगळं त्यांच्या नोंदींच्या वहीत मावेल. मात्र ती वही परीक्षकाच्या सहीवर थांबता कामा नये. ती खाडी ओलांडून संख्याशास्त्राच्या एखाद्या मुलीच्या टेबलावर यावी, आणि तिने पहिल्याच पानावर लाल पेनने विचारावं: धूर कोणत्या तारखेला मारला?