घरातली रेल्वे आणि पूर्णत्वाचा प्रश्न

घरात मॉडेल रेल्वेची मांडणी उभारणे हे वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. आधी लाकडी चौकट, तिच्यावर प्लायवुड, रुळांखाली कॉर्कची पट्टी, मग रूळ, सांधे आणि खालून तारांचे जाळे. त्यानंतर प्लॅस्टरचे डोंगर, झाडे, फलाट, वस्ती. हा क्रम सरळ रेषेत पुढे सरकत नाही. डोंगर रंगवून झाल्यावर बोगद्यातला सांधा अडकतो आणि डोंगर फोडावा लागतो. यार्ड अपुरे पडते, म्हणून शेजारचे गाव उठवावे लागते. अशी मांडणी कधीच पुरी होत नाही, ही या छंदातली सर्वमान्य समजूत आहे, आणि तिची कुणाला खंत वाटत नाही. उलट उघडे लाकूड, लोंबत्या तारा, अर्धे लिंपलेले डोंगर हेच मोठ्या आस्थेने एकमेकांना दाखवले जाते. तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न इथे नव्याने उभा राहतो: जे काम पुरे होत नाही, आणि जे पुरे व्हावे अशी करणाऱ्यालाही फारशी निकड नसते, त्याचे मोल कशावरून ठरवायचे?

या प्रश्नाची सर्वांत नेमकी चर्चा ॲरिस्टॉटलने केली आहे. ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या खंडात तो कृतींचे दोन प्रकार करतो. पहिल्या प्रकारात कृतीचे साध्य कृतीबाहेर असते. घर बांधणे हे त्याचेच उदाहरण आहे: घर बांधले जात असते तोवर ते बांधून झालेले नसते, आणि बांधून झाले की बांधणे संपते. दुसऱ्या प्रकारात साध्य कृतीतच असते. पाहणारा ज्या क्षणी पाहत असतो त्याच क्षणी त्याचे पाहणे पूर्ण असते. विचार करणे आणि चांगले जगणे यांचेही तसेच. पहिल्या प्रकारातली कृती मध्येच थांबली तर अपुरी राहते. दुसऱ्या प्रकारातली कृती कुठेही थांबली तरी तिच्यात काही कमी पडत नाही.

वरवर पाहता मॉडेल रेल्वे पहिल्या प्रकारात बसते, कारण तीही बांधलीच जाते. पण घर राहण्यासाठी बांधतात. ही मांडणी कशासाठी बांधतात? गाड्या चालवण्यासाठी, हे उत्तर अर्धेच खरे आहे. पहिला रूळ जोडल्याच्या दिवशीही गाडी धावू शकते आणि धावतेच. डाग देऊन तार जोडणे, वाघिणीवर गंज चढवणे, मालगाडीचे डबे यार्डात लावणे यांपैकी काहीही दुसऱ्या कशाची नुसती पूर्वतयारी नसते. प्रत्येक सांधा बसवणे हे बांधकाम असते आणि ते शेवटाला जाते; पण सांध्यामागून सांधा बसवत राहणे ही ॲरिस्टॉटलच्या दुसऱ्या प्रकारातली कृती ठरते. एकाच कामात हे दोन्ही प्रकार असे गुंफलेले असतात.

भारतीय परंपरेत हाच प्रश्न कर्मफळाच्या अंगाने आला. मीमांसकांच्या काम्य कर्मात सांगता महत्त्वाची असते: यज्ञाचे अंग राहून गेले तर फळ पदरी पडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याच्या विरुद्ध आश्वासन आहे. योगमार्गावर केलेला आरंभ वाया जात नाही आणि अर्धवट राहिल्याने दोषही लागत नाही. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य शेतीचे उदाहरण देतात. शेतीतला आरंभ फुकट जाऊ शकतो, योगातला जात नाही. औषधोपचार चुकला तर अपाय होतो. इथे तेही भय नाही. हे आश्वासन मुमुक्षूच्या साधनेला आहे, कुठल्याही छंदाला नाही. ते सरसकट सगळ्या कामांना लावणे गीतेवर अन्याय करणारे होईल. तरीही त्यातून एक भेद हाती लागतो: काही कामांचे फळ शेवटी एकरकमी येते आणि काहींचे करणाऱ्यात वाटेवरच मुरत जाते.

या भेदाची कठोर कसोटी जॉन ॲलनच्या बाबतीत लागली. १९१३ साली जन्मलेला हा अमेरिकन छायाचित्रकार कॅलिफोर्नियातील माँटेरे इथे राहत असे. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने ‘गोर अँड डॅफेटिड’ नावाची काल्पनिक रेल्वे १:८७ या प्रमाणात उभारायला घेतली. पुढे तिने त्याच्या घराचे तळघर व्यापले. जमिनीपासून छतापर्यंत चढलेले डोंगर, खोल दऱ्यांवरचे पूल आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवणारे मित्रांचे पथक यांमुळे ती जगभरच्या छांदिष्टांना ठाऊक झाली. ॲलनने आपली रेल्वे चकचकीत ठेवली नाही. इंजिनांवर काजळी, छपरांवर गंज, लाकडावर उन्हापावसाचे डाग त्याने हेतुपुरस्सर आणले, आणि हे तंत्र छंदात रुजवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. त्याच्या जगात काळ वाहत होता, हे त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्यानंतर दहाएक दिवसांतच घराला आग लागली आणि मांडणीचा बहुतेक भाग जळाला. तेव्हाही ती पूर्ण झालेली नव्हती.

कामाचे मोल तयार वस्तूत असते असे मानले तर ॲलनचे पाव शतक त्या आगीत गेले. ॲरिस्टॉटलच्या दुसऱ्या प्रकाराने पाहिले तर आगीला जाळता आली ती फक्त वस्तू. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक आहे, पण ते सांत्वनासारखे वापरू नये. वस्तू गेली ही हानी खरीच होती, आणि तिच्यावर जीव असल्याखेरीज ॲलनला असे काम करताच आले नसते. अनासक्तीचा अर्थ वस्तूविषयी बेफिकिरी असा घेतला तर रूळ अर्धा मिलिमीटर तिरपा बसतो आणि गाडी घसरते.

धार्मिक बाजूने आणखी एक प्रश्न येतो. छोटे जग रचणारा माणूस ईश्वराची नक्कल करतो का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेतला आहे की, ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही त्या ब्रह्माने सृष्टी का निर्माण करावी? लीला म्हणून, असे उत्तर तिथेच आहे. सर्व काही असलेला राजा खेळतो, किंवा श्वास सहज चालतो, असे दाखले शंकराचार्य देतात. अमृतानुभवात तर ज्ञानदेवांनी जगाला चैतन्याचाच विलास मानले; तिथे खेळाला कमीपणा उरतच नाही. मात्र माणसाचा खेळ अभावातून येतो, असा प्रतिवाद करता येईल: खऱ्या जगावर सत्ता चालत नाही म्हणून तो आज्ञाधारक जग तळघरात बांधतो.

हा प्रतिवाद मॉडेल रेल्वेच्या बाबतीत टिकत नाही, कारण ते जग आज्ञाधारक नसतेच. लांबी ८७ पट घटली की घनफळ साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. शंभर टनांचे इंजिन या हिशेबाने जेमतेम दीडशे ग्रॅमचे होईल. त्याला खऱ्या गाडीचा जडपणा, थांबताना लागणारे अंतर, चढावरची धाप कुठून येणार? पाण्याचा थेंब लहान होत नाही, म्हणून नदी रेझिनची करावी लागते. घरगुती मांडणीत नेहमी दिसणारे ४६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात ४० मीटरचे ठरते. भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा तीव्र वळण घेण्याची मुभा नाही. एक मैल १:८७ प्रमाणात साडेअठरा मीटर होतो, म्हणजे बहुतेक घरांत दोन स्थानकांमधले खरे अंतर मावतच नाही. काय ठेवायचे, काय आखडायचे, कुठले असत्य पत्करायचे, याचे निर्णय पावलोपावली घ्यावे लागतात. सर्वशक्तिमान होण्याची हौस असणाऱ्याला हे काम मानवणारे नाही. यात शिकायला मिळते ती मर्यादा.

ब्रिटनमध्ये या छंदात धर्मोपदेशकांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘थॉमस’ या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे विल्बर्ट ऑड्री (१९११–१९९७) हे अँग्लिकन पाद्री होते. गोष्टींतल्या सोडोर बेटावरच्या एका शाखामार्गाची मांडणी त्यांनी स्वतः बांधली आणि प्रदर्शनांत नेऊन लोकांना दाखवली. त्यांचे स्नेही टेडी बोस्टन यांनी तर केडबी इथल्या पाद्रीनिवासाच्या आवारात खरीच अरुंदमापी रेल्वे घातली. मात्र प्रस्तुत प्रश्नाला सर्वांत जवळचे नाव पीटर डेनी यांचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बकिंगहॅम शाखेची मांडणी सुरू केली. इतिहासात घडले नाही, पण घडू शकले असते, असा हा मार्ग होता. काळ १९०७ चा निवडला होता. डेनी वारंवार जुने भाग मोडत, पुन्हा बांधत, आणि त्याची हकिगत ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकातून वाचकांना सांगत. स्थानकांमध्ये घंटांच्या संकेतांनी गाड्या घेतल्या-सोडल्या जात, त्यामुळे ती एकट्याने चालवायची रेल्वे नव्हती. मुलगा हाताशी नसे तेव्हा त्याच्या जागी घंटांना उत्तर देणारे यंत्र डेनींनी बनवले आणि त्याला मुलाचेच नाव दिले: ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’.

पलीकडून घंटेला उत्तर येईपर्यंत गाडी सुटत नाही, म्हणून या यंत्राची गरज पडली. काम इतरांना दाखवण्यात अहंकार किती आणि आणखी काय, या प्रश्नाचे उत्तरही तिथेच सापडते. धर्मपरंपरांनी प्रदर्शनाविषयी नेहमी सावध केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु पुरे झालेले काम दाखवणारा कौतुकाची अपेक्षा करतो. अर्धवट काम दाखवणारा स्वतःचे अज्ञान, चुका आणि बेत उघडे करतो, सल्ला घेतो, आपल्याला सापडलेली युक्ती देऊन टाकतो. निकोमाखसच्या नीतिशास्त्राच्या नवव्या खंडाच्या शेवटी ॲरिस्टॉटल म्हणतो की, माणसांना जे करण्यात जगण्याचे सार्थक वाटते, तेच ती मित्रांबरोबर करू पाहतात, मग ते मद्यपान असो, शिकार असो वा तत्त्वचिंतन. कामाची प्रगती सांगणे हा अशा कामाचाच भाग आहे. संग्रहालयातली मांडणी वेगळी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेल्या, १९९८ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात प्रेक्षक तिकीट काढून येतो. त्याला चालते गाव, धावत्या गाड्या, लागणारे दिवे पुरेपूर मिळाले पाहिजेत. घरच्या मांडणीवर ते बंधन नाही.

ॲलनच्या रेल्वेविषयी आज जे ठाऊक आहे ते मुख्यतः काम चालू असताना त्याने काढलेल्या आणि मासिकांना दिलेल्या छायाचित्रांमुळे आणि लेखांमुळे. डेनी २००९ साली वारले. त्यांची बकिंगहॅम मांडणी दुसऱ्या एका छांदिष्टाने सांभाळली, दुरुस्त केली आणि तिच्यावर पुन्हा गाड्या चालवल्या.