पापाने जागा बदलली म्हणजे

कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येते. त्याच कोयनेचे काही पाणी पोफळीच्या वीजघरातून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते. म्हणून कोकणातील लोटे परशुरामची चिंता आम्हां माधवनगरकरांना परकी वाटू नये.

इटलीत त्रिस्सीनो येथील मितेनी कारखान्याने अनेक दशके फ्लोरिनयुक्त रसायने बनविली. ती भूजलात उतरली आणि व्हिचेंझा परिसरातील सुमारे साडेतीन लाख लोकांना त्याची झळ पोचली. 2018 साली कारखान्याचे दिवाळे निघाले. जून 2025 मध्ये तेथील न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. दरम्यान लिलावात विकली गेलेली त्याची यंत्रे लोटे परशुरामला येऊन पोचली होती. येथील चालकांवर आम्ही दोषारोप करीत नाही. परंतु यंत्रांबरोबर जबाबदारीही येते की नाही, हा प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे.

कार्बन व फ्लोरिन ह्यांचा बंध अत्यंत चिवट असतो. निसर्गात तो सहसा तुटत नाही. असे सांडपाणी कोळशाच्या गाळणीतून सोडले, तर विष पाण्यातून निघून कोळशात जाऊन बसते, नष्ट होत नाही. विद्युत-रासायनिक पद्धत वेगळी आहे. बोरॉनमिश्रित हिऱ्याचा थर दिलेल्या धनाग्रावर रेणू इलेक्ट्रॉन गमावतो व टप्प्याटप्प्याने तुटतो. प्रक्रिया पूर्ण झाली, तर फ्लोराइड व कार्बन डायऑक्साइड उरतात. मात्र वीज पुष्कळ लागते, आणि पाण्यात क्षार असल्यास परक्लोरेटसारखे नवे अपायकारक पदार्थ तयार होऊ शकतात. उपाय आहे, पण तो स्वस्त नाही, आणि त्यावरही पहारा हवा.

येथेच प्रश्न नैतिक होतो. प्रायश्चित्त संस्कारात पाप कबूल करणे पुरेसे नसते; भरपाईही करावी लागते. जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. चोरीचा माल शेजाऱ्याच्या परसात टाकणारा मनुष्य निर्दोष ठरत नाही. म्हणून ज्याला नफा मिळतो त्याने, सांडपाणी कारखान्याचे कुंपण ओलांडण्यापूर्वीच, शुद्धीचा खर्च सोसला पाहिजे.

कोकणातील तरुणाला रोजगार हवा, हे आम्ही जाणतो. पण त्याच्या मुलाच्या रक्ताने त्याची किंमत चुकवावी काय? आणि न चिकटणारा तवा स्वस्तात मागणारे आपण, ह्या पापांगीकारात आपली जागा कोठे, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे.