मातीत थांबलेले बी



मागच्या रविवारी मिस्सानंतर एका मातेने आम्हांला विचारले, "फादर, मुलगा कॉलेजला गेल्यापासून चर्चमध्ये येत नाही. लहानपणी शिकवलेले सगळे वाया गेले का?" त्या वेळी आम्हांला धड उत्तर देता आले नाही. आजच्या शुभवर्तमानातला, बी पेरून झोपी जाणारा शेतकरी वाचताना एक रानफूल आठवले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात लिनँथस पॅरी नावाचे फूल आहे. आपण हिवाळ्यात कुंडीत लावतो त्या फ्लॉक्सच्याच कुळातले. रोपटे जेमतेम बोटभर, आयुष्य काही महिन्यांचे. पाऊस चांगला झाला की वसंतात जमीन पांढरीशुभ्र होते. लोक त्याला वाळवंटातले बर्फ म्हणतात. काही ठिकाणी फुले निळी असतात. पाऊस चुकला, की त्याच जागी रोपटे शोधूनही सापडत नाही. त्या वर्षी कोणी पाहुणा आला तर म्हणेल, येथे काहीच उगवत नाही!

कार्ल एपलिंग आणि त्यांचे सहकारी 1940च्या दशकापासून वर्षानुवर्षे त्याच जागी जाऊन फुले मोजत राहिले. 1960 साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पांढऱ्याच्या जागी पांढरी, निळ्याच्या जागी निळी, फुले पुन्हा येत होती. कारण बी मातीत जिवंत होते. एका पावसात सगळे बी रुजत नाही. काही मागे थांबते. सगळेच रुजले आणि पुढे पाण्याचा थेंब पडला नाही, तर वंशच बुडेल. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना आम्ही बीजातील सुप्त शक्तीची व्याख्या तोंडपाठ केली होती. पण बाकांवरची रिकामी जागा पाहिली की आम्हीही त्या पाहुण्यासारखाच निकाल देऊन मोकळे होतो.

अर्थात, घरात संध्याकाळची प्रार्थना बंद, धर्मशिक्षणापेक्षा ट्यूशन मोठी, आणि मग 'देव पाहून घेईल' असे म्हणायचे, हे आम्हांला मान्य नाही. तेथे मातीत बी पडलेलेच नसते.

त्या मातेला आज एवढेच सांगतो: बाई, मुलगा सुटीत घरी आला की दारातच मिस्साचा हिशेब मागू नका. त्याला आवडते ते जेवायला करा. रात्री नेहमीप्रमाणे रोझरी सुरू करा. तो बाहेर ओट्यावर बसला तर बसू द्या.