अधिकार आणि प्रयोजन : बेसबॉलच्या शिडीवरील एक नैतिक प्रश्न

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये होतकरू तरुणाला किती लवकर वरच्या पातळीवर न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता प्रशिक्षणाचा, किंवा फार तर जमाखर्चाचा वाटतो. परंतु एकाची पात्रता दुसऱ्याने ठरवावी, त्या निवाड्यावर पहिल्याची उमेदीची वर्षे अवलंबून असावीत आणि निवाडा चुकला तर त्याची किंमतही मुख्यतः पहिल्यानेच मोजावी, अशी जिथे रचना असते, तिथे तो प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत आपोआपच येतो. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेत ३० संघ आहेत आणि २०२१ च्या फेररचनेपासून त्यांपैकी प्रत्येकाशी चार कनिष्ठ संघ जोडलेले आहेत. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा या चढत्या पायऱ्या असून त्यांच्याही खाली अगदी नवख्यांसाठी सराव-संकुलांत चालणाऱ्या स्पर्धा आहेत, आणि या सबंध उतरंडीला मायनर लीग असे म्हणतात. मुंबईचा रणजी संघ रणजी करंडक जिंकण्यासाठी खेळतो, तशी स्थिती येथे नसते. कनिष्ठ संघातील खेळाडूंचा पगार वरचा संघ देतो, कोणाला कधी वर न्यायचे किंवा खाली धाडायचे हेही तोच ठरवतो, आणि कनिष्ठ संघाच्या हारजितीला या हिशेबात दुय्यम स्थान असते. ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्स या संघासाठी ही पद्धत उभी केली, तेव्हापासून तिच्या तपशिलात पुष्कळ बदल झाले, परंतु हे सूत्र बदललेले नाही.

वेदान्तग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट करण्याचा प्रघात आहे आणि त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात : ग्रंथ कोणासाठी आहे तो अधिकारी, ग्रंथात काय सांगायचे तो विषय, ग्रंथ आणि विषय यांचा संबंध, आणि हे सारे कशासाठी ते प्रयोजन. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की अधिकारी ज्याला म्हटले आहे, प्रयोजनही त्याचेच असते. मोक्षाची इच्छा शिष्याची आणि मोक्षही शिष्याचाच, त्यामुळे शिष्य अद्याप तयार नाही असे गुरू जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या नकारातून गुरूला स्वतःला काही मिळत नाही, निदान मिळू नये अशी अपेक्षा असते. (प्रत्यक्षातले सारे गुरू या अपेक्षेला उतरले असे इतिहास म्हणत नाही, परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) बेसबॉलच्या शिडीवर मात्र अधिकार खेळाडूचा तपासला जातो आणि प्रयोजन संघाचे असते. तरुणाला लवकर चढवावे की सावकाश, या वादात दोन्ही बाजूंचे लोक अधिकाराविषयी बोलतात. वादाचा उलगडा होतो तो बहुधा प्रयोजन तपासल्यावर.

तरीही अधिकाराचा प्रश्न आधी त्याच्या स्वतःच्या अटींवर तपासणे योग्य, कारण तो खोटा नाही. कनिष्ठ पातळीवरील पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, वेग पुष्कळदा मेजर लीगच्या तोडीचा असतो. कमी असतो तो नेम, आणि समोरच्या फलंदाजाची एखादी उणीव हेरून नेमके तिथेच पुन्हा पुन्हा चेंडू टाकण्याची शिस्त. परिणामी एकोणीस वर्षांचा फलंदाज खाली धावांची रास रचतो आणि त्याच्या फटक्यातील एक दोष तसाच झाकलेला राहतो, कारण तो उघडा पाडू शकेल असा प्रतिस्पर्धीच त्या पायरीवर नसतो. २०२२ च्या वार्षिक निवडीत, म्हणजे संघ नव्या खेळाडूंना क्रमाने वाटून घेतात त्या प्रक्रियेत, पहिला निवडला गेलेला जॅक्सन हॉलिडे २०२३ या एकाच हंगामात चारही पायऱ्या चढला, आणि एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सकडून मेजर लीगमध्ये उतरल्यावर पहिल्या दहा सामन्यांत ३४ संधींपैकी फक्त दोनदा त्याला यशस्वी फटका मारता आला. त्याला परत खाली पाठवावे लागले. याच्या उलट हुआन सोतो २०१८ चा हंगाम सिंगल-एमध्ये सुरू करतो, डबल-एमध्ये जेमतेम आठ सामने खेळतो, ट्रिपल-एची पायरी गाळूनच मे महिन्यात वॉशिंग्टन नॅशनल्स संघात येतो आणि एकोणिसाव्या वर्षी २२ होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके, मारतो. आधी उपलब्ध असलेल्या माहितीवरून या दोघांच्या वाटा इतक्या भिन्न होतील असे ठामपणे सांगता आले असते, असे मानण्यास आधार दिसत नाही.

ही अडचण केवळ माहितीच्या अपुरेपणाची नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की कौशल्ये आणि सद्गुण त्या त्या कृती करूनच अंगी येतात, आणि लगेच स्वतःच आक्षेप उपस्थित केला की न्याय्य कृती करणारा आधीच न्यायी नसेल तर तो ती करील कशी. त्याचे उत्तर असे की कृती घडणे आणि ती जाणतेपणाने, निवडीने व स्थिर वृत्तीतून घडणे यांत अंतर आहे, आणि हे अंतर अभ्यासानेच कापले जाते. बेसबॉलला लावून पाहता याचा अर्थ असा होतो की मेजर लीगसाठी लागणाऱ्या तयारीचा अखेरचा भाग फक्त मेजर लीगमध्येच मिळू शकतो, म्हणून ‘पूर्ण तयार झाल्यावर वर न्यावे’ हे धोरण काटेकोरपणे पाळले तर कोणालाच कधी वर नेता येणार नाही. घाईच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद होय.

परंतु या युक्तिवादाला एक अट आहे, आणि ती १९५० च्या दशकातील एका नियमामुळे फार स्वच्छपणे दिसून आली. श्रीमंत संघांनी तरुणांना मोठ्या रकमा देऊन आपल्या कनिष्ठ संघांत साठवून ठेवू नये, यासाठी १९५३ ते १९५७ या काळात असा नियम होता की ४,००० डॉलरपेक्षा अधिक रकमेवर करारबद्ध केलेल्या नवख्याला दोन वर्षे मेजर लीगच्या संघातच ठेवले पाहिजे. या नियमाखाली ब्रुकलिन डॉजर्समध्ये आलेला सँडी कोफॅक्स पहिल्या दोन हंगामांत मिळून जेमतेम १०० डाव पिचिंग करू शकला. सामना नऊ डावांचा असतो हे लक्षात घेतले, तर दोन वर्षांत अकरा पूर्ण सामन्यांइतकेच काम त्याच्या वाट्याला आले. उरलेला वेळ बाकावर गेला. १९६० अखेर त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव होते, आणि ज्या कामगिरीसाठी तो आज ओळखला जातो ती १९६१ नंतरची आहे. कोफॅक्स सर्वोच्च पायरीवर होता, पण ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेला अभ्यास त्याला ना तिथे मिळाला ना खाली. उपस्थिती म्हणजे अभ्यास नव्हे, एवढे मान्य केले की ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हे शब्दच अपुरे वाटू लागतात.

१९७३ ची निवड या अपुरेपणाचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी पहिला निवडला गेला डेव्हिड क्लाइड, तिसरा रॉबिन यंट आणि चौथा डेव्ह विनफील्ड. विनफील्ड विद्यापीठातून थेट मेजर लीगमध्ये गेला आणि मायनर लीगमध्ये कधीच खेळला नाही. यंट थोडेच दिवस खाली राहून १९७४ च्या आरंभी, वयाच्या अठराव्या वर्षी, मिलवॉकी संघात दाखल झाला. दोघांनीही पुढे तीन हजारांहून अधिक यशस्वी फटके मारले. क्लाइडचे तसे झाले नाही. टेक्सास रेंजर्सचा संघ वर्षभरापूर्वीच वॉशिंग्टनहून स्थलांतरित झाला होता, मैदाने ओस पडत होती, आणि ह्यूस्टनच्या शाळेतून नुकताच बाहेर पडलेला हा स्थानिक मुलगा मालक बॉब शॉर्ट यांनी सरळ मेजर लीगच्या मैदानात उतरवला. २७ जून १९७३ च्या रात्री ३५ हजारांवर प्रेक्षक जमले आणि गर्दीमुळे सामना उशिरा सुरू करावा लागला. पहिल्या दोन फलंदाजांना क्लाइडने चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकटात पहिला बेस दिला, पुढच्या तिघांना सलग बाद केले, आणि पाच डावांत केवळ एक यशस्वी फटका देत, आठ जणांना बाद करत, तो सामना जिंकला. मात्र त्याच पाच डावांत त्याने एकंदर सात फलंदाजांना असा फुकटचा बेस दिला होता. नेम अजून बसलेला नाही हे त्या जल्लोषाच्या रात्रीही आकड्यांत स्पष्ट दिसत होते. दोन सामन्यांनंतर त्याला खाली पाठवण्याचा मूळ बेत होता, पण तिकिटे खपत होती, आणि तो वरच राहिला. १८ विजय आणि ३३ पराभव अशी त्याची कारकीर्द १९७९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी संपली.

आता याच्या शेजारी क्रिस ब्रायंट याचे प्रकरण ठेवावे. २०१४ मध्ये मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांवर त्याने ४३ होमरन मारले होते आणि २०१५ च्या हंगामपूर्व सामन्यांत नऊ, जे त्या वसंतात कोणत्याही खेळाडूपेक्षा अधिक होते. तरीही शिकागो कब्सने त्याला ट्रिपल-एमध्ये पाठवले, कारण सांगितले ते क्षेत्ररक्षणातील सुधारणेचे, आणि १७ एप्रिलला त्याला वर बोलावले. येथे एक नियम समजून घ्यावा लागतो : मेजर लीगमध्ये सहा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज खेळाडूला हव्या त्या संघाशी करार करता येत नाही, आणि हंगामाच्या साधारण १८७ दिवसांपैकी १७२ दिवस संघात राहिल्यास एक वर्ष भरते. ब्रायंटचे त्या वर्षी १७१ दिवस भरले. एका दिवसाच्या कमतरतेने संघाला त्याच्यावरील हक्काचे सबंध एक वर्ष अधिक मिळाले. सर्वोत्तम नवागताचा पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये लवादाने फेटाळली.

क्लाइडला घाईने वर आणले, ब्रायंटला मुद्दाम अडवले. एक कृती दुसरीच्या नेमकी उलट आहे. तरीही दोन्हींचे उगमस्थान एकच आहे, कारण दोन्ही वेळी खेळाडूच्या तयारीविषयीचे विधान पुढे केले गेले आणि निर्णय ठरला तो संघाच्या लाभाने. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट म्हणतो. त्याच्या नियमात ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पगार घेऊन दुसऱ्याचे काम करणारा प्रत्येक जण काही अंशी साधन असतोच, आणि बेसबॉलपटू त्याला अपवाद नाही. सीमा ओलांडली जाते ती त्याच्याविषयीचे सत्यही जेव्हा दुसऱ्याच्या सोयीने ठरू लागते तेव्हा. ‘तू अजून तयार नाहीस’ हे वाक्य ऐकणारा स्वतःच्या उणिवा शोधू लागतो आणि नसलेल्या दोषाची दुरुस्ती करू पाहतो. लबाडीचा हा परिणाम पैशाच्या नुकसानीहून खोल जातो.

हे वाक्य याहूनही वाईट कारणासाठी वापरले गेले आहे. बोस्टन रेड सॉक्स हा मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा अखेरचा संघ. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णबंदी मोडल्यानंतर बारा वर्षांनी, १९५९ मध्ये, पम्पसी ग्रीन त्या संघात आला. त्या वर्षीच्या हंगामपूर्व सामन्यांत चांगला खेळूनही त्याला आधी मिनीआपोलिसच्या कनिष्ठ संघात धाडण्यात आले होते, आणि कारण होते आणखी मुरण्याची गरज. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली, आणि जुलैमध्ये ग्रीन वर आला. अधिकारभेदाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या कोणाकोणाला ज्ञानापासून दूर ठेवले गेले, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला या युक्तीची ओळख करून देण्याची गरज नाही.

मग निर्णय खेळाडूवरच सोपवावा काय? हा मार्ग सोपा दिसतो, पण क्लाइडचेच उदाहरण त्याच्या आड येते, कारण अठराव्या वर्षी भरलेल्या मैदानात उतरण्यास कोणता मुलगा नकार देईल? त्याची इच्छा आणि मालकाची इच्छा त्या रात्री एकच होती. ज्याला पुढील दहा वर्षांचा अंदाज नाही त्याची संमती खरी असूनही पुरेशी नसते. म्हणून जाणत्याच्या निवाड्याला जागा राहतेच, मात्र निवाडा करणाऱ्याचा लाभ निवाड्यापासून वेगळा काढण्याची किंवा खेळाडूच्या लाभाशी बांधण्याची सोय करावी लागते. २०२२ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने आणि मेजर लीगने अशी एक सोय केली : ठरावीक निकषांत बसणाऱ्या नवागताला हंगामाच्या आरंभापासून संघात ठेवले आणि त्याने पुढे मोठा पुरस्कार मिळवला, तर संघाला निवडीत एक जादा संधी मिळते; उलटपक्षी, सर्वोत्तम नवागताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला, तो उशिरा वर आला असला तरी, पूर्ण वर्षाचे श्रेय मिळते. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स मे २०२४ मध्ये वर आला, पुरस्कार जिंकला आणि त्याचे वर्ष भरल्याचे धरले गेले. ही तजवीज चांगली असली तरी तोकडी आहे, कारण जो मतदानात पाचवा येतो त्याच्यावर झालेला अन्याय तिच्या नजरेस पडत नाही.

वेगापेक्षा अधिक लक्ष ज्या गोष्टीकडे द्यायला हवे ती म्हणजे परतीची वाट. मिकी मँटलला १९५१ मध्ये न्यूयॉर्क यँकीजने हंगामाच्या मध्यावर खाली पाठवले आणि त्याच हंगामात परत बोलावले. माइक ट्राउटची २०११ मधील फलंदाजीची सरासरी .२२० होती, २०१२ चा आरंभ त्याने खालीच केला आणि त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवागत ठरला. टोरांटो ब्लू जेज संघाचा रॉय हॅलाडे २००० मध्ये इतका ढासळला की नऊ डावांमागे त्याच्यावर होणाऱ्या धावांची सरासरी १०.६४ झाली, संघाने त्याला २००१ मध्ये थेट सिंगल-एपर्यंत खाली नेले, तिथे त्याची चेंडू टाकण्याची ढबच नव्याने घडवण्यात आली, आणि पुढे तो आपल्या पिढीच्या अग्रगण्य पिचरांत गणला गेला. जिथे खाली उतरणे म्हणजे शिक्षा किंवा अखेर नसते, तिथे चूक दुरुस्त होऊ शकते आणि म्हणून थोडी घाई परवडते. अशा उतरण्याचा खर्च संघ सोसतो : पगार देतो, प्रशिक्षक नेमतो, वाट पाहतो. क्लाइडच्या बाबतीत नेमके हेच वेळेवर घडले नाही.

ज्यांच्याविषयी वेगाचा वादच कधी होत नाही, अशा बहुसंख्य खेळाडूंचे काय, हा प्रश्न यानंतर उरतो. होतकरूला सराव मिळावा म्हणून समोर कोणाला तरी पिचिंग करावे लागते, मागे कोणाला तरी चेंडू झेलावा लागतो. कनिष्ठ संघांतील पुष्कळ जण या अर्थाने शिडी चढत नसून ते स्वतःच शिडी असतात, आणि कांटच्या नियमातील ‘केवळ’ या शब्दाची खरी कसोटी त्यांच्यापाशी लागते. २०१८ च्या एका कायद्याने त्यांना किमान वेतनाच्या बऱ्याचशा संरक्षणातून वगळले होते. २०२२ मध्ये ते मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्या कराराने ट्रिपल-एमधील किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर ठरवले, आणि एकोणीस किंवा त्याहून अधिक वयात नव्याने करारबद्ध होणाऱ्या खेळाडूवरील संघाचा हक्क सात वर्षांवरून सहा वर्षांवर आणला.