खेळाची भिंत : लीला आणि कर्म

शाळेच्या मैदानात, कोणत्याही इमारतीचा आधार न घेता, मुलांनी चेंडू मारावा आणि तो परत यावा एवढ्याचसाठी उभी केलेली भिंत ही वरवर पाहता गवंडीकामाची बाब आहे. परंतु तिच्यासमोर एकटे खेळणारे मूल नेमके कोणाशी खेळत असते, असा प्रश्न विचारला की ती तत्त्वज्ञानाचा विषय होते. घराची भिंत आत आणि बाहेर असा भेद निर्माण करते, कुंपणाची भिंत आपले आणि परके ठरवते. या भिंतीला मात्र आतली बाजूच नाही. शिवाय ती जड आहे, म्हणजे जाणीव नसलेले द्रव्य आहे, आणि खेळाला तर दुसरा सचेतन गडी लागतो अशी सर्वसाधारण समजूत आहे.

खानदेशात या प्रश्नाला जुना संदर्भ आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेव हे गाव असून तेथे योगी चांगदेवांचे मंदिर आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वरादी भावंडांनी भिंत चालवली, ही कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. मात्र चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या ६५ ओव्यांचा, म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’चा, विचार त्या चमत्काराहून खोल आहे. पाहणारा आणि पाहिले जाणारे ही वस्तुतः दोन नव्हेत, आरसा समोर आल्याने मुख दोन होत नाही, असा तिचा आशय आहे. त्या दृष्टीने भिंतीवरून परतणारा चेंडू हा मुलाच्याच हाताचा जोर आणि नेम घेऊन येतो, आणि मूल स्वतःशीच खेळत असते. हे उत्तर सुंदर आहे, पण पुरेसे नाही. आरशाला स्वतःचे म्हणणे नसते, भिंतीला असते. गिलाव्याचा खडबडीतपणा, मैदानावरचा खडा, तापीकाठचा वारा यांमुळे झेल चुकतो, आणि त्या चुकलेल्या झेलात मुलाला आपल्या इच्छेबाहेरचे जग भेटते. म्हणूनच या भिंतीने चालू नये, तिने जागच्या जागी राहावे, यातच तिचे मोल आहे.

दुसरा धागा लीलेचा. लीला म्हणजे कोणत्याही प्रयोजनाविना, पूर्णतेतून सहज घडणारी क्रिया. ज्याला काहीच मिळवायचे नाही तो ईश्वर सृष्टी का निर्माण करील, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात लीला हे उत्तर दिलेले असून, शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात सर्व इच्छा पूर्ण झालेल्या राजाच्या क्रीडेचा दाखला दिला आहे. याच वेदान्ताच्या अभ्यासासाठी प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. भिंतीपाशी आलेले मूल मात्र पुष्कळदा राजा नसते. संघात कोणी घेतले नाही म्हणून ते तेथे आलेले असते. तरीही दहा-वीस फेकींनंतर त्याचे एकटेपण गळून पडते आणि उरतो तो केवळ खेळ. पूर्णतेतून क्रीडा जन्मते हे शास्त्राचे म्हणणे खरे असेल, तर क्रीडेतून काही काळ पूर्णता लाभते हेही तितकेच खरे मानले पाहिजे.

भिंत बांधणाऱ्याला मात्र लीलेची सवलत नाही. त्याचा मार्ग कर्मयोगाचा आहे, म्हणजे फळावरचा हक्क सोडून, पण कामातली दक्षता कणभरही न सोडता, करायच्या कर्माचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. दगडी भिंतींच्या आत उमटलेला तो विचार मैदानातील भिंतीलाही लागू पडतो. खानदेशची काळी जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया ती माती ओलांडून मुरमापर्यंत नेला पाहिजे. आणि एकट्या उभ्या भिंतीला आडव्या भिंतींचा आधार नसल्याने ठरावीक अंतरावर पायात बांधलेले काँक्रीटचे खांब हवेत. पुण्यात कोंढव्याला जून २०१९ मध्ये सीमाभिंत कोसळून १५ जणांचा जीव गेला, हे विसरून मुलांसाठी भिंत बांधणे हा अधर्मच होय. खेळण्याची बाजू पूर्वेकडे ठेवल्यास दुपारनंतर खेळणाऱ्यांवर भिंतीची सावली पडते. आणि फलत्यागाचा प्रश्न येथे अगदी साध्या रूपात उभा राहतो : देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी खेळण्याच्या बाजूवर बसवली, तर तिच्या कडेवर आदळून चेंडू वाकडा जातो, ती मागच्या बाजूला लावावी, किंवा लावूच नये.