गृहस्थाचे सहावे पाप

कर्ता एक आणि भोक्ता दुसरा, ही गोष्ट कर्मसिद्धांताला कधीच मानवलेली नाही. ज्याने केले त्याने भरावे, या एका कलमावर त्याची सारी दिवाणी आणि फौजदारी चालते. परंतु समुद्रकिनाऱ्यावरच्या काही मृत्यूंची कैफियत या न्यायासनापुढे मांडली, तर मुनसफ बुचकळ्यात पडावा. १९८३ च्या एप्रिलमध्ये मंगळुराजवळच्या कुंबळे खाडीतील शिंपल्या खाऊन एक मूल दगावले. १९९७ च्या सप्टेंबरात केरळातील विळिंजम येथे शिणाणे खाल्ल्यावर सात माणसे गेली आणि शेकडोंना इस्पितळाची वाट धरावी लागली. शिजवणारीने काही घातले नव्हते, विकणाऱ्याने काही लपवले नव्हते, आणि शिंपल्याला तर लपवण्याइतकी बुद्धीच नसते.

विष आले होते पाण्यातल्या एकपेशीय जीवांपासून. डायनोफ्लॅजेलेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सूक्ष्मजीवांच्या काही थोड्या जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचे द्रव्य तयार करतात. कालवे आणि शिणाणे दिवसरात्र पाणी गाळून त्यातले अन्न वेचतात, तेव्हा ते द्रव्य त्यांच्या मांसात साठत जाते, आणि त्यांना स्वतःला त्याची बाधा फारशी होत नाही. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळून ते नाहीसे होत नाही. प्रथम ओठांना मुंग्या येतात, मग जीभ बधिर होते, आणि विषाचे प्रमाण मोठे असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही, कृत्रिम श्वासोच्छ्वासाने वेळ काढणे एवढेच हाती असते. हे जीव समुद्रात अनादि काळापासून आहेत आणि त्यांचे उधाण निसर्गतःही येते. परंतु शेतातले खत आणि वस्तीचे सांडपाणी यांतून नत्र आणि स्फुरद यांचा रतीब सुरू झाला, म्हणजे अशा उधाणांना खाद्य मिळते, हेही तितकेच खरे.

येथे प्रश्न मुंबईत, अंधेरीच्या दारात येतो. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या लाटा रात्री निळ्या पेटल्या, आणि लोक मुलाबाळांसह तो चमत्कार पाहावयास गेले. तो जीव नॉक्टिल्युका; तो सॅक्सिटॉक्सिन करणाऱ्यांपैकी नव्हे, तरी त्याच्या पोटात अमोनिया साचतो आणि त्याची गर्दी माशांच्या जिवावर उठते. जुहूच्या उत्तरेस वेसावे, आणि वेसावे व मढ यांच्यामध्ये मालाडची खाडी, जिच्यात पश्चिम उपनगरांचा मैला पुरता शुद्ध न होताच कित्येक दशके उतरत आला आहे. सुकतीच्या वेळी खडकांवर उकिडव्या बसलेल्या कोळणी कालवाचे वरचे झाकण एका फटक्यात उडवतात आणि आतला करडा, मऊ गर डब्यात टाकतात. खालचे अर्धे कवच खडकालाच चिकटून राहते. त्या गरात आपल्या सगळ्यांच्या स्नानगृहांचा काही ना काही अंश असतोच. येथे नीलकंठाची उपमा हाताशी तयार आहे, आणि ती सोयीची आहे म्हणूनच मला नको. शंकराने हलाहल जाणूनबुजून घेतले, कालव ते अजाणता घेते. शिवाय शंकराने ते पुढे कोणाच्या ताटात वाढले नाही.

मग कर्ता कोण? ज्याच्या कृतीत हेतू नाही, ज्याचा वाटा अणुमात्र आहे आणि ज्याला फळ दिसतही नाही, त्याला पापी म्हणावे काय? आधुनिक मनुष्य या प्रश्नाला हसून ‘व्यवस्थेचा दोष’ असे नाव देतो आणि मोकळा होतो. आपली परंपरा इतक्या सहजासहजी मोकळी झालेली नाही. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. यांतले एकही कृत्य दुष्टपणाचे नाही, एकही टाळता येण्यासारखे नाही. तरी प्रत्येकात जीव मरतात, आणि म्हणून रोजचे पंचमहायज्ञ ही त्यांची निष्कृती. मला यातले मर्म असे दिसते की येथे हेतूची चौकशीच नाही. पश्चात्तापाने छाती बडवून घेणे नाही आणि ‘मी निर्दोष’ अशी सबबही नाही. संसार मांडला की देणे लागले, आणि ते रोजच्या रोज फेडावयाचे. संडासाची साखळी हे सहावे हिंसास्थान त्या यादीत घालावयास कोणा स्मृतिकाराची हरकत असती असे मला वाटत नाही.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील जैन शेजाऱ्यांच्या परंपरेने तर हे कलम केव्हाच घातलेले आहे. जैन गणनेत शिंपला द्वींद्रिय आहे: त्याला स्पर्श कळतो, रस कळतो, पाण्यालाही तेथे जीव मानला आहे. साधूच्या पाच समितींपैकी, म्हणजे वर्तननियमांपैकी, पाचवी केवळ मलमूत्राच्या विसर्जनाविषयी आहे: जागा जीवजंतुरहित आहे की नाही हे पाहून मगच उत्सर्ग करावा. म्हणून परंपरा पाळणारे श्वेतांबर साधुसाध्वी पाण्याच्या संडासाचा वापर टाळतात, आणि मोकळी जमीन न उरलेल्या या उपनगरांत त्यावरून इमारतीतल्या रहिवाशांच्या तक्रारी होतात. त्या तक्रारी मला अवाजवी वाटत नाहीत. परंतु आपली विष्ठा कोणत्या जिवाच्या अंगावर पडते हा प्रश्न इतक्या गांभीर्याने विचारणारे या शहरात दुसरे कोणी आहे काय? ज्या श्रावकाने जन्मात शिंपला तोंडात घातला नाही, त्याच्या घरचे पाणीही खाडीलाच मिळते. पूर्वेकडचे ठाण्याच्या खाडीत जाते. तेथे त्याच सांडपाण्यावर शेवाळ माजते, त्या शेवाळावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, २०१५ मध्ये सरकारने तेथे त्यांचे अभयारण्य जाहीर केले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला. पापपुण्याचा जमाखर्च ठेवणाऱ्या चित्रगुप्ताने ही रक्कम कोणत्या बाजूला लिहावी?

सांडपाणी शुद्ध करणे हा पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ, म्हणजे जीवमात्राला द्यावयाचा बलीच आहे, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. पंचमहायज्ञ ज्याची चूल त्यानेच करावयाचे. त्यातला जो बली भुईवर ठेवावयाचा, त्याच्या वाटेकऱ्यांत मनुस्मृतीने कुत्रे, कावळे आणि कृमी यांच्या पंक्तीला काही माणसेही बसवली आहेत, आणि त्या श्लोकापाशी माझा आदर थांबतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला तो ग्रंथ जाळणाऱ्यांजवळ कारणे होती. त्याच पंक्तीतल्या माणसांचे वारस आज आपल्या गटारांत उतरतात, २०१३ च्या कायद्याने मनाई केली तरी उतरतात, आणि गुदमरून मरतात. आपल्या सहाव्या पापाची निष्कृती आपण बदलीवर दिली आहे. धर्मशास्त्राने व्रतात प्रतिनिधी चालवून घेतला आहे हे खरे. परंतु तो पुत्र, पत्नी, बंधू, पुरोहित असा जवळचा कोणी असावा लागतो. गटारात उतरणारा यांपैकी आपला कोणीच नव्हे, आणि संकल्प सोडताना त्याची संमती कोणी विचारली नव्हती.